वेदना हरावी, माणूस हरवू नये

दुखण्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. ठणका, कळ, चमक, शूळ, ठसठस, आग, पेटके. प्रत्येक शब्दाची जात निराळी आणि ती ज्याची त्यालाच कळते. परंतु काही वेदना अशा असतात की त्यांना हे सर्व शब्द अपुरे पडतात. जखम भरून येते, रोगाचे निदान होते, उपचार संपतात. तरी वेदना महिनोन् महिने, वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून राहते. अशा वेदनेपुढे औषधे थकली, तेव्हा माणसाने थेट मेंदूवर शस्त्र चालवून ती शमविण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नाचा इतिहास आम्ही येथे मांडीत आहोत. हा इतिहास शल्यविद्येचा आहे, तसाच तो एका नैतिक प्रश्नाचाही आहे: वेदना दूर करण्यासाठी माणसाने कोणती किंमत द्यावी आणि कोणती देऊ नये? अमरावती-अकोल्याकडील आपल्या धर्मग्रामांत कर्करोगाच्या वा पक्षाघाताच्या रुग्णाच्या खाटेशी बसलेल्या कुटुंबांना हा प्रश्न परका नाही.

राजगृहाचा श्रेष्ठी

डोके उघडून वेदना काढण्याची कल्पना आपल्या देशात फार जुनी आहे. बौद्धांच्या विनयपिटकातील महावग्गात जीवक वैद्याची कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीला सात वर्षे मस्तकाचा असह्य विकार होता. वैद्यांनी हात टेकले होते. कोणी म्हणे हा पाचव्या दिवशी जाईल, कोणी म्हणे सातव्या. जीवकाने त्याला खाटेला बांधले, मस्तकाची त्वचा छेदली, कवटीचा सांधा उघडला, आतून दोन जंतू काढून लोकांना दाखविले आणि जखम शिवून लेप लावला. एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने व उताणे सात महिने निजण्याची अट त्याने आधीच घातली होती. श्रेष्ठीला प्रत्येक वेळी सात दिवसांच्या वर निजवेना. तो एकवीस दिवसांत बरा झाला. तेव्हा जीवक म्हणाला, की महिन्यांची अट घातली नसती तर तू एवढे दिवसही निजला नसतास. वैद्याला माणसाचा स्वभाव कळावा लागतो, हे या कथेतील मर्म आजही शिळे झालेले नाही.

सोळाव्या शतकातील बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’तही धारच्या भोजराजाच्या मस्तकशूळावर अशीच शस्त्रक्रिया झाल्याची कथा येते. सुश्रुताने तर शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘अर्धावभेदक’ म्हणजे आपली अर्धशिशी. ‘अनंतवात’ म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूची जीवघेणी कळ असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

या कथा इतिहास म्हणून किती खऱ्या, हा प्रश्न बाजूस ठेवू. त्यांमागील समजूत मात्र स्पष्ट आहे: डोक्यात काही परकी वस्तू शिरली आहे, ती काढली की वेदना जाईल. आधुनिक शल्यविद्येने निराळ्या समजुतीपासून प्रारंभ केला.

वाट तोडण्याचे युग

हातापायांतून वा आतड्यांतून निघालेली वेदनेची वार्ता मज्जातंतूंमधून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत येते, तेथून वर चढून मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस नावाच्या केंद्रात पोहोचते आणि पुढे मेंदूच्या बाह्यपटलावर पसरते. ही वाट उमगल्यावर, ती मध्येच तोडावी, हा विचार ओघानेच आला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे विल्यम स्पिलर व एडवर्ड मार्टिन यांनी मज्जारज्जूतील वेदनावाहक पट्टा छेदून रुग्णाची वेदना थांबविल्याचे १९१२ साली प्रसिद्ध केले. पुढे शल्यविशारद हळूहळू वर सरकत मेंदूच्या देठापर्यंत पोहोचले.

या काळातील सर्वांत विचारी शल्यविशारद म्हणजे फ्रान्सचे रेने लेरिश. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांनी पाहिले, की जखम भरून आली तरी हातापायांची आग वर्षानुवर्षे शमत नाही. वेदना ही शरीराची हितकारक पहारेकरीण आहे, हे पाठ्यपुस्तकातील मत त्यांना मान्य होईना. चिवट वेदना हाच एक रोग आहे आणि तिच्यावर रोगासारखेच उपचार झाले पाहिजेत, असे त्यांनी १९३७ च्या आपल्या वेदनाशल्यविषयक ग्रंथात ठामपणे मांडले.

तथापि वाट तोडण्याला मर्यादा होती. अनेकांची वेदना काही महिन्यांनी वा वर्षांनी परतून येई. काहींच्या बाबतीत तर तुटलेल्या वाटेवरच नवी, अधिक जळजळीत वेदना उगवे. वेदना ही तारेतून येणाऱ्या निरोपाइतकी साधी नव्हती.

दुखते, पण मला त्याचे काही नाही

१९३५ च्या नोव्हेंबरात लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी अल्मेडा लिमा या शल्यविशारदाच्या हातून मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढील खंडातील तंतू निकामी करण्याची शस्त्रक्रिया करविली. पुढच्याच वर्षी वॉल्टर फ्रीमन व जेम्स वॉट्स यांनी ती अमेरिकेत नेली. लोबोटॉमी या नावाने ती जगभर पसरली. बंगळूरच्या मनोरुग्णालयातही ती चाळिसाच्या दशकात झाली. १९४९ साली मोनिझ यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मनोरुग्णांसाठी निघालेले हे शस्त्र लवकरच वेदनाग्रस्तांकडे वळले. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील रुग्ण, अवयव कापल्यावरही त्या नसलेल्या अवयवात कळा सोसणारे रुग्ण अशांवर ते चालविण्यात आले. फ्रीमन आणि वॉट्स यांच्या ग्रंथाच्या १९५० च्या दुसऱ्या आवृत्तीच्या शीर्षकातच असाध्य वेदनेचा उल्लेख आला.

येथे एक विलक्षण गोष्ट दिसून आली. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला विचारले, की दुखते का, तर तो दुखते असेच सांगे. टाचणी टोचली तर त्याला ती जाणवे. परंतु तो कण्हत नसे, मॉर्फिन मागत नसे, रात्र कशी जाईल याची धास्ती घेत नसे. वेदना होती; तिचा त्रास नव्हता. वेदनेचे दोन पदर असतात, एक शरीराच्या संवेदनेचा आणि दुसरा ती सोसणाऱ्या जीवाच्या तळमळीचा, हे सत्य या शस्त्राने उघड करून दाखविले.

पण कोणत्या मोलाने? ज्या तंतूंबरोबर उद्याची धास्ती तुटली, त्यांच्याबरोबरच उद्याची आशाही तुटली. लेकरांची काळजी, कामाची ओढ, लाज, संकोच, विनोद, प्रार्थनेतील एकाग्रता यांवरही घाव पडला. रुग्ण शांत झाला, परंतु पुष्कळदा घरच्यांना आपले माणूस परत मिळाले नाही. अमेरिकेतील केनेडी या कॅथलिक घराण्याची कन्या रोझमेरी हिची कहाणी सर्वश्रुत आहे. तिला शारीरिक वेदना नव्हती; १९४१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, वर्तनातील अडचणींसाठी तिच्यावर ही शस्त्रक्रिया झाली आणि तिचे चालणे-बोलणेही हिरावले गेले. विस्कॉन्सिन राज्यातील सेंट कोलेटा या संस्थेत फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या देखरेखीखाली तिने पुढचे दीर्घ आयुष्य काढले. २००५ साली ती निवर्तली. ज्या घराण्याने राष्ट्राध्यक्ष दिला, त्याच्याजवळ पैसा व प्रतिष्ठा काही उणे नव्हते. उणीव होती ती शस्त्राची मर्यादा ओळखण्याची.

ख्रिस्तसभेने काय म्हटले

मोनिझ यांच्या सन्मानानंतर तीनच वर्षांनी, सप्टेंबर १९५२ मध्ये, मज्जासंस्थेच्या सूक्ष्मरचनेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या प्रतिनिधींपुढे पोप बारावे पायस यांनी वैद्यकीय संशोधनाच्या नैतिक मर्यादांवर भाषण केले. त्यात एक मुद्दा असा होता: माणूस आपल्या देहामनाचा निरंकुश मालक नाही, विश्वस्त आहे. म्हणून एखादी शस्त्रक्रिया गंभीर व्याधी निःसंशय दूर करीत असली, तरी तिच्यामुळे माणसाचे स्वातंत्र्य, म्हणजेच त्याचे माणूसपण, कायमचे नष्ट होणार वा फार मोठ्या प्रमाणात घटणार असेल, तर तिला संमती देण्याचा अधिकार रुग्णालाही नाही. लोबोटॉमीच्या ऐन भराच्या काळात हे सांगण्यात आले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

तितकेच महत्त्वाचे दुसरे भाषण २४ फेब्रुवारी १९५७ चे. आदल्या वर्षी रोम येथे भरलेल्या इटलीतील बधिरीकरणतज्ज्ञांच्या परिषदेने पोप महोदयांना तीन प्रश्न विचारले होते. श्रद्धावंताने वेदना सोसलीच पाहिजे, औषध नाकारले पाहिजे, असा काही नियम आहे काय? गुंगी आणणारे औषध घेणे शुभवर्तमानाच्या वृत्तीशी सुसंगत आहे काय? आणि मरणासन्न रुग्णाचे आयुष्य औषधाने थोडे कमी होण्याचा संभव असला, तरी वेदनाशमनासाठी ते देता येईल काय? उत्तरे स्पष्ट होती. वेदना सोसलीच पाहिजे असे सर्वसामान्य बंधन नाही. योग्य कारणासाठी गुंगीचे औषध घेता येते. आणि हेतू केवळ वेदनाशमनाचा असेल, दुसरा उपाय नसेल व रुग्णाची धार्मिक आणि नैतिक कर्तव्ये त्यामुळे अडत नसतील, तर शेवटच्या घटकेलाही ते देणे योग्य आहे.

ही दोन भाषणे एकत्र वाचावीत असे आम्हांस वाटते. प्रभू येशूने क्रूसावर जाण्यापूर्वी गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला, हे आपण मार्ककृत शुभवर्तमानात वाचतो. पण तो त्याचा स्वतःचा स्वेच्छेचा त्याग होता. दुसऱ्याच्या खाटेशी उभे राहून त्याच्या वतीने औषध नाकारण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही. लूककृत शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी वाटेवर पडलेल्या माणसाला सहनशीलतेवर प्रवचन देत नाही. तो त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखावर जे प्रेषितीय पत्र लिहिले, त्यात या दाखल्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. देहाचे दुखणे आणि जीवाचे दुःख यांतील भेदही त्यांनी त्याच पत्रात मांडला आहे. शल्यविशारदांना शस्त्राच्या टोकाशी सापडलेले दोन पदर ते हेच.

शस्त्र बारीक होते

सुदैवाने विज्ञानही थांबले नव्हते. १९४७ साली फिलाडेल्फिया येथेच स्पीगल आणि वायसिस यांनी डोक्याभोवती मोजमापाची चौकट बसवून, बारीक सुई मेंदूतील नेमक्या बिंदूपर्यंत नेण्याची पद्धत माणसावर योजली. आता पुढचा खंड कापण्याऐवजी थॅलॅमसमधील इवलासा भाग निकामी करता येऊ लागला. १९६२ साली फोल्ट्झ आणि व्हाइट यांनी मेंदूच्या आतल्या कडेवरील एका बारीक तंतुपट्ट्यावर अशीच मर्यादित शस्त्रक्रिया करून असाध्य वेदनेच्या रुग्णांना आराम दिल्याचे नोंदविले.

खरे वळण पुढे आले. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी सांगितले, की मज्जारज्जूत जणू एक दार आहे. वेदनेची वार्ता किती आत घ्यायची हे ते ठरविते आणि मेंदूही वरून त्या दाराचा अडसर सरकवू शकतो. १९६९ साली रेनॉल्ड्स यांनी उंदराच्या मेंदूच्या देठातील एका भागाला सौम्य वीजप्रवाह देऊन, भूल न देता त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. १९७५ साली ॲबर्डीन येथे ह्यूजेस आणि कोस्टरलिट्झ यांना मेंदूतच तयार होणारी अफूसदृश द्रव्ये सापडली. वेदना शमविणारे औषध विधात्याने आपल्याच डोक्यात ठेवले होते!

यानंतर तोडण्याऐवजी चेतविण्याचा मार्ग निघाला. १९७३ साली होसोबुची आणि सहकाऱ्यांनी चेहऱ्याच्या असाध्य वेदनेसाठी थॅलॅमसमध्ये विद्युत्-अग्र बसविले. १९९१ साली जपानचे त्सुबोकावा यांनी पक्षाघातानंतरच्या वेदनेसाठी मेंदूच्या पृष्ठभागावरून चेतना देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतींत काही बिघडले तर यंत्र बंद करता येते, तार काढता येते. अशी शस्त्रक्रिया पुष्कळदा रुग्ण जागा असतानाच करतात, कारण ज्या मेंदूला साऱ्या देहाची वेदना कळते, त्याला स्वतःवरील सुईची वेदना कळत नाही.

या उपायांचे गुणगान मात्र बेतानेच करावे. सर्वांना गुण येत नाही, काहींचा आलेला गुण ओसरतो, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. कंपवातासाठी मान्य झालेल्या मेंदूतील विद्युत्-उपचाराला अमेरिकेच्या औषध नियामकांनी वेदनेसाठी मान्यता दिलेली नाही.

निर्विवाद यश लाभले ते चेहऱ्याच्या कळेवर. दात घासताना, घास चावताना, वाऱ्याची झुळूक लागताच गालातून विजेसारखी सणक जाते. रुग्ण दात उपटून घेतो तरी ती थांबत नाही. पुष्कळ रुग्णांत मेंदूच्या देठाजवळ एखादी रक्तवाहिनी त्या मज्जातंतूला घासत असते, हे वॉल्टर डँडी यांनी १९३४ च्या सुमारास ओळखले. पीटर जॅनेटा यांनी १९६७ पासून सूक्ष्मदर्शकाखाली ती वाहिनी अलगद बाजूस सारून मध्ये मऊ गादी ठेवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. येथे काहीही तोडले जात नाही.

वऱ्हाडातून निघणारी वाट

भारतात या विद्येचा आरंभ एका मिशन रुग्णालयात झाला. माँट्रियल येथे वायल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोर येथे देशातील पहिला मेंदूशल्य विभाग सुरू केला. १९५० साली मद्रासला डॉ. बी. राममूर्ती आले, डॉ. बालसुब्रमण्यम यांच्यासह त्यांनी मद्रासला चौकटीच्या शस्त्रक्रियांचे मोठे केंद्र बनविले. मुंबईत पन्नासच्या दशकात डॉ. रामचंद्र गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांनी ही विद्या रुजविली.

त्याच दशकात, १९५५ साली, आपला अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. तेव्हाच्या अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ या जिल्ह्यांतील रुग्णाला मेंदूशल्यविशारद गाठायचा तर बडनेऱ्याला वा अकोल्याला आगगाडी पकडून नागपूर किंवा मुंबई हीच वाट होती. अमरावतीस १९८४ साली व अकोल्यास २००२ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तरी कठीण दुखण्यासाठी मुंबईची वाट बंद झाली नाही.

त्या वाटेवरचा मोठा आधार वऱ्हाडच्याच एका सुपुत्राने उभा केला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधविली. त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयातील कर्करोग्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना आसरा देत आली आहे. याच जिल्ह्यातील राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९६८ साली गुरुकुंज मोझरी येथे कर्करोगाने देह ठेवला; नागपूरचे कर्करोग रुग्णालय आज त्यांचे नाव धारण करते. वेदनाग्रस्ताला शस्त्राइतकीच रात्री पाठ टेकायला जागाही लागते, हे या मंडळींनी ओळखले होते.

वऱ्हाडाने वेदनेची दुसरी बाजूही पाहिली आहे. अमरावतीचे तपोवन, जे डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी उभारले, आणि परतवाड्याजवळचे कोठारा येथील मिशनचे रुग्णालय, येथे कुष्ठरुग्णांची सेवा होत आली. या रोगात मज्जातंतू मरतात, तळहात-तळपाय बधिर होतात. चुलीवरचे भांडे उचलताना चटका कळत नाही, काटा रुतला तरी पाऊल थबकत नाही, आणि जखमांवर जखमा होऊन बोटे झिजतात. ती बोटे रोगाने आपोआप गळत नसून वेदनेच्या अभावी जायबंदी होतात, हे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी जगाला पटवून दिले. वेदना ही कोणालाही नको असलेली देणगी आहे, असा त्यांच्या १९९३ च्या ग्रंथाचा आशय. लेरिश आणि ब्रँड यांचा विरोध वरवरचा आहे. सावध करणारी वेदना राखावी. निरोप सांगून झाल्यावरही दार ठोठावीत राहणारी वेदना शमवावी.

जवळचा उपाय

मेंदूवरील शस्त्रक्रिया हा फार थोड्यांसाठी, सर्व उपाय थकल्यावर करावयाचा शेवटचा उपाय आहे. बहुसंख्य कर्करोग्यांची वेदना मॉर्फिनसारख्या औषधाने, तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी, आटोक्यात येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली त्याची पायरीपायरीची पद्धत सांगितली. दुर्दैवाने १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने आपल्याकडे परवान्यांचे एवढे जंजाळ उभे केले, की औषधी मॉर्फिनचा वापर झपाट्याने घसरला. शेजारच्या मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचच्या शेतांत, सरकारी परवान्याने अफू पिकत होती आणि वऱ्हाडातला रुग्ण तिच्या गोळीवाचून तळमळत होता. २०१४ च्या दुरुस्तीने ही गाठ बरीच सैल केली.

याच काळात सेवेची नवी दालने उघडली. १९८६ साली डॉ. लुईस डिसोझा यांनी वांद्रे येथे, मोतमाउलीच्या टेकडीवर, मरणासन्न कर्करोग्यांसाठी शांती अवेदना आश्रम सुरू केला. देशातील तशी ती पहिली संस्था. ‘अवेदना’ म्हणजे वेदनारहित अवस्था. नावातच त्या घराचे व्रत आहे. १९९३ साली केरळात कोझिकोडे येथे डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदनाशामक सेवेची संस्था काढली, आणि पुढे तिच्या प्रेरणेने शेजारीपाजारीच प्रशिक्षित होऊन रुग्णांच्या घरी जाऊ लागले.

लोबोटॉमीच्या इतिहासातून जे शिकायचे, ते येथे उपयोगी पडते. संवेदनेचा पदर औषधाने वा शस्त्राने उकलता येतो. तळमळीचा पदर शस्त्राने कापू गेल्यास माणूसच कापला जातो. तो मायेच्या हाताने, सत्य सांगणाऱ्या शब्दाने, उशाशी जागलेल्या रात्रीने, रुग्णांच्या अभ्यंगविधीने आणि प्रार्थनेने सैल होतो. म्हणून आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आमची विनंती आहे. आपल्या घरच्या रुग्णाला सहन कर एवढेच सांगून थांबू नये. वेदना किती आहे हे त्यालाच विचारावे व तो सांगेल ते खरे मानावे. डॉक्टरांजवळ वेदनाशमनाची मागणी संकोच न करता करावी. कोणी शस्त्रक्रिया सुचविली, तर काय मिळेल याबरोबर काय जाईल, हेही विचारावे आणि निर्णय रुग्णाला कळू देऊनच घ्यावा. आणि औषध देऊन झाल्यावर त्याच्याजवळ बसावे. जीवकाने श्रेष्ठीला एकवीस दिवस निजविले; त्या दिवसांत त्याच्या उशाशी कोण बसले होते हे महावग्ग सांगत नाही, पण कोणीतरी बसले असलेच पाहिजे.